सलीमभाईंचा आवाज कापताना

फोन आला तेव्हा मी सलीमभाईंचाच आवाज कापत होते. बोरी अरबजवळच्या तांड्यावरचं लग्न होतं, मिक्सिंग चालू होतं आणि हेडफोनमध्ये ते नवरदेवाच्या मामाला सांगत होते, “मामा, थोडं सरका नं बाजूले.” तेवढ्यात त्यांच्या मोठ्या भावाचा फोन. चहा घेता घेता कोसळले, सगळं संपलं... एका कानात ते गेल्याची बातमी आणि दुसऱ्या कानात ते स्वतः.

दारव्ह्याला त्यांचं दुकान. लग्नाचं शूटिंग ते करायचे, मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची काटछाट-जुळणी, मी. कॅमेरावाल्याचा आवाज व्हिडिओत येता कामा नये, हा त्यांचा हट्ट. “ताई, लोकायले नवरी पाहाची राह्यते. मले कायले ऐकतीन?” “मग एवढं बोलता कशाला?” मी चिडवायची. पण माणूस गप्प बसेल तर शपथ! अनोळखी आजीबाईला हसवल्याशिवाय त्यांचा कॅमेरा सुरूच व्हायचा नाही. मी ते सगळं काढून वर गाणी टाकायची. व्हिडिओ दिला की डिस्कवर जागा व्हावी म्हणून मूळ फाईलीही पुसायची.

काही आठवड्यांनी त्यांच्या बायकोला, भाभींना, भेटायला घरी गेले. त्या इद्दतीत होत्या, नवऱ्यामागे पाळायच्या शोकाच्या काळात, म्हणून घराबाहेर पडत नव्हत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, “ताई, उनका आवाज कहीं है क्या? घरात फोटोच फोटो हायेत.” फोनवर बोलून निरोप पाठवायची सलीमभाईंना सवयच नव्हती. आणि बाकी सगळ्या लग्नांच्या मूळ फाईली मी पुसल्या होत्या. उरलं होतं ते फक्त तांड्यावरचं लग्न, आणि मधल्या काळात दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मेकॅनिकने त्यात नवीन विंडोज टाकलं होतं.

फाईली दिसत होत्या, पण क्लिक केलं की एकच उत्तर यायचं... तुम्हाला परवानगी नाही. मेकॅनिक म्हणाला, “त्यायचं जुनं खातं गेलं नं मॅडम. फॉरमॅट मारून देऊ का? मोकळं होईन.” “हात लावून तर पाहा!” मी ओरडलेच. बिचारा वरमला आणि मग त्यानेच रस्ता सांगितला. फोल्डरचा मालक बदलायचा. मालकाच्या जागी सलीमभाईंचं नाव नव्हतं, एक लांबलचक आकडा होता. रोज ज्यांच्या हाताने सुरू व्हायचा, त्यांना तो कॉम्प्युटर आता ओळखत नव्हता. त्या आकड्याच्या जागी मला माझं नाव घालायचं होतं. घालवेना. दारावरची त्यांची पाटी आपणच काढतोय असं वाटत होतं. शेवटी घातलं.

फोल्डर उघडला, पण मिक्सिंगची पट्टी सगळी लाल. क्लिपा सापडत नव्हत्या. एकेकीला तिची जागा दाखवत गेले, तसा मांडव परत आला, नवरी आली, मामाही आले. आवाज मात्र नाही. स्पीकर वाढवून पाहिला. मग लक्षात आलं, ती आवाजाची पट्टी मीच बंद करून ठेवली होती. बटण दाबलं.

“हासा नं जरा! लग्न हाये, मयत नाही!”

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं.

भाभी येऊ शकत नव्हत्या, म्हणून कॉम्प्युटरच त्यांच्या घरी नेला. कानांवर हेडफोन चढवून दिला. क्लिपमध्ये कोणीतरी सलीमभाईंना जेवायला बोलावतं आणि ते म्हणतात, “बसा तुमी, मी मांगून जेवतो.” लग्नात ते असेच मागे राहायचे, पुष्कळदा उपाशीच घरी यायचे. कान झाकलेले असल्यामुळे भाभी नको तेवढ्या मोठ्याने बोलल्या, “खाना रखा है घर में. आ जाओ.”

क्लिपमध्ये त्यापुढे नुसता मांडवातल्या कुलरचा आवाज.

तांड्यावरच्या मंडळींना त्यांचा व्हिडिओ दिला, सलीमभाईंच्या हट्टाप्रमाणे त्यांचा आवाज काढून. मूळ फाईली पुसल्या नाहीत. कॉम्प्युटर अजून भाभींच्या खोलीतच आहे आणि मी दुपारी तिथे जाऊन काम करते. रोज एकदा त्या हेडफोन मागतात. क्लिप संपते, पडदा काळा होतो, तरी त्या तो काढत नाहीत. मीही परत मागत नाही.