बुरेटमधलं पाणी

“म्हण, मला यातलं काही कळत नाही.”

सर असं म्हणाले. मी प्रयोगशाळेच्या पायरीखाली उभा. वर मॅट्रिकची वीस-बावीस पोरं. माझे हात ओले, भांडी अर्धीच धुऊन झालेली.

साताऱ्याचं एक हायस्कूल. जर्मनची दुसरी मोठी लढाई चालू होती. मी तिथं प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचो. शिक्षण मराठी तिसरी. राहायला महारवाड्यात. लढाईपायी काचेची एक नळी फुटली तर वरीसभर दुसरी यायची नाही, म्हणून सरांचा माझ्या हातावर भरवसा. पिपेट तोंडात धरून ओढायची असते. मी धुतलेली पिपेट पोरं ओठांत धरायची, त्याला कुणाची ना नव्हती. व्हरांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या मडक्याला मात्र मी शिवायचं नाही. त्या दिवसापर्यंत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याचीच लाज जास्त वाटते.

शाळेतलं शेवटचं प्रॅक्टिकल संपलं. बुरेटमधून, म्हणजे खाली चावी असलेल्या उभ्या नळीतून, किती ॲसिड लागलं ती उत्तरं पोरं पायरीवर ताडून बघत होती.

“माझं टेन पॉइंट टू.”

“माझंपण.”

“माझं अकरा,” इनामदारांचा मुलगा म्हणाला.

“अकरा? चावी उघडी ठेवून झोपला होतास काय रं?”

सगळे हसले. तो लालबुंद झाला. मी खाली हौदापाशी होतो. बोलायला नको होतं. पण पोरगं पुढं मॅट्रिकच्या परीक्षेत नाहक नापास होईल असं वाटलं.

“धाकटं सरकार, बुरेट पाण्यानं धुतलेली असती. आत पाणी ऱ्हातंय. आदी जरा ॲसिडनं खंगाळायची, मग भरायची. तुमी तशीच भरली, म्हणून ज्यादा आलं.”

एकजण म्हणाला, “घ्या. आता भांडीवाल्याकडं शिकवणी लाव, गड्या.”

पुन्हा हसणं. इनामदारांचा मुलगा उठला, आत गेला, सरांना घेऊन आला. “ह्यानं माझी बुरेट मुद्दाम ओली ठेवली. वर मलाच शिकवतोय.”

सरांना ठाऊक होतं. बुरेटा रोज ओल्याच असतात. खंगाळायचं मला त्यांनीच शिकवलेलं. पण इनामदार शाळेच्या कमिटीवर होते. सरांनी माझ्याकडं न बघता ते वाक्य सांगितलं. “म्हण, आणि कामाला लाग.”

पोरांत एक चष्मेवाला होता. प्रॅक्टिकलच्या आधी तो एकटाच माझ्याकडं यायचा. “बुरेट आधी कशानं धुवायची रे?” तीनदा सांगितलं होतं त्याला. त्याचं टेन पॉइंट टू माझं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला.

ते पुसणं अजून थांबलेलं नाही. डोळा लागला की तो समोर असतो. काच पुसतो, पुसतो. वाटतं, आता वर बघेल. बघत नाही.

घरी आजारी आई होती. पाच शब्द म्हटले असते तर काम राहिलं असतं. मी तोंड उघडलं. “मला यातलं…” इथवर म्हणालोसुद्धा. मग माझंच मला ऐकू आलं.

“मला यातलं कळतंय, सर. तुमीच शिकवलंय.”

सर म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

हातात बुरेट होती. फोडावी वाटली. फोडली नाही. धुतली, स्टँडला उभी लावली आणि निघालो. आई त्याच साली गेली. पुढं सांगलीला औषधाच्या दुकानात बाटल्या धुण्यात जन्म गेला.

नातवंडं म्हणतात, म्हातारा झालास, आता सोडून दे. नाही सोडणार. इनामदाराच्या पोरावर माझा तेवढा राग नाही, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं आणि जे गप्प बसले, त्यांना मी माफ करणार नाही. आणि माझ्यादेखत कुणाला असं खाली उभं केलं, तर मी गप्प बसणार नाही. समोर कुणी का असेना. हाकलायचं तर हाकला.