झील कोन धरन?

माझ्या कॅसेटच्या यादीत शेवटचा रकाना ‘दुसरा आवाज’ असा आहे. बाकीचे रकाने कुणीही आखले असते: क्रमांक, गाणं, गायक, गिटारचा लांब तुकडा आहे की नाही. शेवटचा रकाना मायमुळे आला.

नव्याण्णव सालची गोष्ट. मोठा भाऊ नागपुरात शिकत असल्यापासून जुन्या इंग्रजी रॉकच्या आणि तिकडच्या लोकगीतांच्या कॅसेट भरून आणायचा. मला त्यांचं वेड लागून तोवर बरीच वर्षं झाली होती. मी गोंदियातल्या एका राइस मिलच्या ऑफिसात आवक-जावक बघायची. दिवसभर पोती, ट्रक आणि खडखडाट. घरी आलं की चहा आणि टेप. शब्द निम्मे कळायचे नाहीत. पण ड्रम पहिल्यांदा आत शिरतो ती जागा कळायची आणि तेवढं पुरायचं.

त्या संध्याकाळी माय लाखोळीची भाजी निवडत बसली होती. टेपवर दोन माणसं एकाच गिटारीवर गात होती. मायनं मान वर केली.

“हा वरून म्हनून राहिला तो कोन?”

“गायक.”

“आन खालून?”

“तो दुसरा आवाज.”

“तो चांगला आहे,” माय म्हणाली. “पयल्याले सांभाळून राहिला. पयला तं नुसता वरडून राहिला.”

मायला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण तिला कळणारच होतं, कारण ती स्वतः दुसरा आवाज होती. आम्हा पोवारांच्या लग्नात बायका जी गाणी म्हणतात, ती आमच्या घरात दोघी जावा म्हणायच्या: दवनीवाड्याची मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आणि माझी माय. मोठी माय ओळ टाकायची. माय खालच्या पट्टीत उत्तराची ओळ उचलायची. याला झील धरणं म्हणतात. ओळ टाकणारीला आवाज लागतो. झील धरणारीला आवाजाशिवाय आणखी एक गोष्ट लागते: सगळे नातेवाईक पाठ असावे लागतात.

कारण हळदीचं गाणं म्हणजे एक मोठी विचारपूसच असते. मोठी माय विचारणार, मामा कुठवर आला? माय सांगणार, आमगावचा मामा मांडवात आला. मग मावशी, मग आत्या, एकेकीचं गाव घेऊन, ठरलेल्या क्रमानं. सगळ्यात शेवटी नवरीच्या आज्या. कुणाला विसरलं तर तो माणूस जेवताना तोंड फुगवून बसतो. आणि जो या जगात उरलेला नाही, त्यालाही गाण्यात विचारायचंच. त्याचं उत्तर ठरलेलं: वाटेत आहे.

लहानपणी मी मायला विचारलं होतं की आजोबा तर कधीच गेले, मग दर लग्नात ते वाटेत काऊन असतात? ती म्हणाली, “आला म्हनलं तं खोटं होते. नाही येत म्हनलं तं पोरीच्या लग्नात वाईट दिसते. म्हनून वाटेत.”

त्या भाजीच्या संध्याकाळपासून मी गाणी खालून ऐकू लागले. रॉकच्या चाहत्याला विचारलं तर तो स्टेजवर पुढे उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलेल, नाहीतर गिटारबद्दल. मलाही ती गिटार आवडते. पण सगळ्यात दणदणीत बँडमध्येही एक जण असा असतो, जो पुढच्याचा श्वास संपतो तिथे ओळ उचलतो. त्याचं नाव कव्हरवर बारीक अक्षरात असतं. तो नसलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर ऐका. तेच गाणं एकदम उघडं पडल्यासारखं वाटतं.

लोकगीतांच्या कॅसेटवर तर गीतकाराच्या जागी नुसतं ‘पारंपरिक’ छापलेलं असायचं. खलाशांची गाणी, खाणमजुरांची गाणी, कुणी रचली ठाऊक नाही. ती कुणीतरी विजेच्या गिटारवर वाजवली आणि फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. ‘पारंपरिक’ हा शब्द वाचला की मला वाटायचं, आपल्याकडेही आहेत की. मग त्यांची कॅसेट का नाही?

मी कामाला लागले. कोरी कॅसेट, नवे सेल, टेप पिशवीत. एका रविवारी मायला घेऊन दवनीवाड्याला गेले. मधल्या दारात टेप ठेवला आणि म्हटलं, म्हणा.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“कोनाचं लगन आहे?” मोठी माय म्हणाली.

“कुणाचं नाही. भरून ठेवायचं आहे.”

“पाटावर पोरगी नाही, वाटीत हळद नाही, आन मामा कुठवर आला म्हनून इचारू? मामा घरी झोपला असन.”

माय पदर तोंडाला लावून हसत होती. मी पुष्कळ समजावलं. शेवटी त्यांनी टेपसमोर धान आणि सुनांबद्दल गप्पा मारल्या आणि मला भजी खाऊ घातली. पुढच्या लग्नात भरू, असं ठरलं. पुढच्या लग्नात मी वाढपाच्या मागे होते, त्याच्या पुढच्या लग्नात टेप बिघडला होता. मग माय आजारी पडली आणि त्याच उन्हाळ्यात गेली.

त्यानंतर मोठ्या मायनं गाणं सोडलं. नात्यातल्या लग्नांना ती गेली, हळद लावली, जेवली आणि घरी आली. ओळ टाकली नाही. कॅसेट जाऊन मोबाईल आले. मी मोबाईल घेऊन तिच्याकडे गेले आणि या खेपेला सरळच विचारलं.

“काऊन म्हणत नाहीस?”

“झील कोन धरन? तुया मोबाईल?”

“बायका धरतील की.”

“बायकाईले हिंदी गानी येतात.” मग म्हणाली, “सगळ्याईच्या शेवटी लहान आजी येते त्यात. ते कुठवर आली म्हनून मी इचारीन. सांगन कोन?”

आता लग्नाला आलेल्या पोरींची लहान आजी म्हणजे माझी माय. मी मोबाईल पिशवीत टाकला.

दोन-तीन वर्षांनी मोठ्या मायच्या नातीचं लग्न निघालं. मुलगी माझी भाची, आजीच्या मांडीवर वाढलेली. तिनं कपड्यांचा, दागिन्यांचा हट्ट धरला नाही. तिचं म्हणणं एकच होतं: हळदीला आजीनं गायचं. आजीचं उत्तर एकच: नाही. मुलीची आई, माझी चुलत वहिनी, माझ्याकडे आली. पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. कोण कुठून येणार, कोणत्या गाडीनं, कुणाला कुठे झोपवायचं, हे मीच बघत होते.

“तुम्ही बोला ना मोठ्या मायशी,” वहिनी म्हणाली. “पोरगी आतल्या खोलीत रडून राहिली.”

बोलून उपयोग नव्हता. मला जे येतं ते मी केलं. वेळापत्रकात हळदीसमोर ‘डीजे बंद’ लिहिलं आणि डीजेवाल्याला दाखवलं.

“मॅडम, बंद रखेंगे तो पब्लिक बैठ जाएगी,” तो म्हणाला.

“बैठने दो भैया, बैठने के लिए ही बुलाया है.”

दुपारी स्पीकर बंद झाले. इतक्या वेळ छातीत धडधडणारं काहीतरी थांबलं आणि मांडवाबाहेरच्या कोंबड्या ऐकू येऊ लागल्या. मुलगी पाटावर बसली. मोठी माय हळदीची वाटी घेऊन समोर बसली. बायका गोळा झाल्या. कुणीच काही म्हणेना. मागून एकीनं सुचवलं, “मोबाईलवर लावा ना एखादं.”

मोठ्या मायनं तिच्याकडे असं पाहिलं की त्या बाईनं आपला मोबाईल पदराखाली घेतला. भाची आजीकडे बघत होती. मोठ्या मायनं बोट हळदीत बुडवलं, मुलीच्या पायाला लावलं, आणि हात चालू लागला तशी ओळही निघाली. मला वाटतं तिची तिलाही कळली नसावी. मामा कुठवर आला?

ओळ संपली आणि सवयीनं ती थांबली. तो थांबा मी ओळखत होते. माझ्या शेकडो गाण्यांत तो आहे. पहिला श्वास सोडतो आणि दुसऱ्यानं आत यायचं असतं. इथे दुसरं कुणी नव्हतं. मोठ्या मायची मान खाली गेली.

“आमगावचा मामा मांडवात आला,” मी म्हटलं. म्हणजे गायले. मी आयुष्यभर ऐकलं होतं, गायले कधीच नव्हते. माझा सूर तिच्या कितीतरी खाली पडला होता. दोन-तीन पोरी फिसकन हसल्या.

मोठ्या मायनं वर पाहिलं. मग पुढची ओळ तिनं खाली आणली, अगदी माझ्यापर्यंत. तिच्या गळ्याला ती पट्टी जड जात होती, पण तिनं सोडली नाही. मावशी कुठवर आली? मी गाव सांगितलं. कागद बघायची गरज नव्हती, पंधरा दिवस तेच तर करत होते. नागऱ्याची आत्या मांडवात आली, असं मी दणक्यात म्हटलं आणि बायका ओरडल्या, “कुठं आली? तिची बस चुकली ना!” मोठी मायही हसली, आणि तीच ओळ तिनं पुन्हा विचारली. मी दुरुस्त केलं. नागऱ्याची आत्या स्टँडवर आहे. आता हसण्याच्या नादात चार-पाच जणी माझ्याबरोबर झील धरू लागल्या.

एकेक नातं संपत गेलं. मोठ्या मायचा वेग कमी झाला. आईकडचे आजोबा कुठवर आले? ते वाटेत आहेत, मी म्हटलं. आता एकच राहिलं होतं. ती सोडून देईल, असं मला वाटलं. सोडलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं.

लहान आजी कुठवर आली? तिनं विचारलं, आणि थांबली.

वाटेत आहे, मी म्हटलं. मोठ्या मायनं तीच ओळ माझ्याबरोबर पुन्हा म्हटली, वरून. वाटेत आहे. मग उरलेली हळद तिनं मुलीच्या गालांना लावली. मुलगी रडत होती आणि हसतही होती.

माझा मोबाईल आत चार्जिंगला होता. भरलं काहीच नाही.

हात धुताना मोठी माय म्हणाली, “आवाज फाटका आहे तुया. पन मान्सं पाठ आहेत. पुढच्या महिन्यात आमगावले लगन आहे. येजो.”

ते लग्न तिच्या माहेरचं होतं. पाहुण्यांची व्यवस्था तिथले लोक बघणार होते, त्यांच्याकडून मी येणाऱ्यांची नावं-गावं विचारून घेतली. पण वाटेतली माणसं मला माहीत नव्हती. म्हणून आदल्या रविवारी दवनीवाड्याला गेले. मोठी माय गायली नाही. तांदूळ निवडत बसली आणि एकेक माणूस सांगत गेली: कोण, कुठला, कसा होता. मी समोर बसून पाठ करत गेले.