मंडईचा पाहुणा आणि बाबांचा श्वास

दिवाळी आटोपली की आमच्या गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. ज्या गावची मंडई, तिथे घरोघर पाहुणे. पाहुणा आला नाही तर घरालाच कमीपणा वाटतो. त्या वर्षी आमच्याकडे मामा आले, ते शिंकतच आले.

बाबांनी सगळी हयात राइस मिलमध्ये काढली. कोंड्याच्या धुळीनं त्यांची छाती कायमची बिघडवली, आणि त्याच मिलच्या मजुरीवर मी बी.एस्सी. झाले. घरातली पहिली. सर्दीचा विषाणू शिंकेतून उडतो, नाक पुसलेल्या बोटांवरून दुसऱ्याच्या हाताला लागतो आणि तिथून त्याच्या नाकातोंडात जातो, हे मी शिकले होते. धडधाकट माणसाचं नाक वाहतं, घसा खवखवतो आणि आठवड्याभरात शरीर त्याला आवरतं. बाबांच्या श्वासनळ्या मात्र आधीच अरुंद झालेल्या. त्या आणखी सुजल्या तर हवेला वाटच राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून मी मामांची खाट ओसरीच्या दुसऱ्या टोकाला टाकली आणि त्यांना पाण्याचा गिलास वेगळा दिला.

मामांनी तो हातात फिरवून पाहिला. “काऊन वो बाई, मले महारोग झाला काय?”

“सर्दी आहे न मामा तुम्हाले. बाबांची छाती...”

“सर्दीनं कोणी मरते काय? कॉलेजात हेच शिकवलं काय तुले?”

मी काही बोलायच्या आत बाबा उठले. त्यांनी तो गिलास उचलला, पाणी अंगणात फेकलं आणि स्वतःचा तांब्या मामांपुढे ठेवला.

“माया बापाले पाटलाच्या घरी वेगळा गिलास होता,” ते मला म्हणाले. “अंगणात खुंटीले टांगून राहे. माया घरी कोणाले वेगळा गिलास नाही.”

ज्यांनी शिकवलं त्यांनाच काय शिकवणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, माझंही नव्हतं. विषाणूला यातलं काहीच कळत नाही.

मामा खूश झाले. नुकतंच नाक पुसलेल्या बोटांनी त्यांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी उघडली आणि बाबांपुढे धरली. बाबांनी खर्रा केव्हाच सोडला होता. तरी माझ्याकडे बघत त्यांनी चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. दोघं हसले. आईही हसली, भावाचा मान राहिला म्हणून.

दोन-तीन दिवसांत बाबांचं नाक वाहू लागलं. मग सर्दी छातीत उतरली. बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा आम्ही त्यांना गोंदियाला दवाखान्यात भरती केलं. ऑक्सिजन लावला. मामा भेटायला आले, एव्हाना ठणठणीत बरे होऊन. पलंगापाशी उभे राहून आईला म्हणाले, “एवढ्या थंडीत सीताफळ कायले खाऊ देलं भाऊजीले?”

सगळ्या नातेवाइकांनी ते सीताफळ उचलून धरलं. मी बोटं, खर्रा, तांब्या सगळं समजावून सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही. आईनं मात्र मान खाली घातली; मंडईच्या दिवशी बाबांना सीताफळ तिनंच दिलं होतं. आजही ती स्वतःलाच दोष देते, आणि मामाही तिला देऊ देतात.

बाबा वाचले. पण आता अंगणातल्या नळापर्यंत जाऊन आले तरी त्यांना धाप लागते.

गेल्या दिवाळीनंतर ते खाटेवरून म्हणाले, “मामाले फोन लाव. मंडईले ये म्हणा.” आईकडून कळलं होतं, मामांच्या घरी सगळेच खोकत होते. मी फोन लावला नाही, आईलाही लावू दिला नाही. मंडई पाहुण्याशिवाय झाली. त्या हिवाळ्यात बाबांना एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. मी ताट ठेवते, ते जेवतात. माझ्याशी बोलत नाहीत.