ओवाळलेली नोट

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी कोंबडं कापून राहिलं. शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं, वाफेनं डोळे चुरचुरत होते, आन त्यातच दोस्तानं पुण्याहून फोनवर हे रेकॉर्डिंग पाठवलेलं. खाली लिहिलं होतं, 'बसून ऐक. काम करता करता ऐकू नको.' मी काम करता करताच ऐकलं आन अर्ध्यातच बंद करून टाकलं.

त्याला फोन लावला. म्हणलं, "हे काय पाठवलं बे? हा माणूस वाजवून राहिला का भांडून राहिला?"

तो हसला. म्हणला, "भांडूनच राहिला. पर कोणासंग भांडून राहिला, ते ऐक."

आधी मी कोण ते सांगतो. वसमतच्या एका बँड पार्टीत मी सॅक्सोफोन वाजवतो. लग्नसराईत बँड, बाकीच्या दिवसांत शेती. हा दोस्त आमच्याच गल्लीतला. दोघं एकाच मास्तरच्या हाताखाली शिकलो, तो ट्रम्पेट आन मी सॅक्सो. कॉलेज होईपर्यंत तो पार्टीत होता. आमी एका ताटात जेवलो, एकमेकांचे कोट घालून वराती वाजवल्या. पुढं तो शिकला, पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत लागला, आन त्याचं ट्रम्पेट घरी माळ्यावर गेलं. पण फोन रोजचा. सूर चांगला लागला तर फोन, सॅक्सोच्या तोंडाची वेताची पत्ती फुटली तर फोन. सुराबद्दल बोलावं असं सगळ्या तालुक्यात मला ते एकच माणूस होतं. पार्टीतले बाकीचे चांगले आहेत, पण त्यांचं बोलणं सुपारी कोणत्या गावची आन जेवायला काय, यापुढं जात न्हाई.

त्या दिवशी काम उरकल्यावर बांधावर बसून परत ऐकलं. वाजवणारा परदेशातला, आजच्या काळातला, माझ्याच वयाचा असंल. त्याचं नाव मला अजूनबी धड घेता येत न्हाई, म्हणून घेत न्हाई. त्या प्रकाराला जाझ म्हणतात, हे दोस्तानं सांगितलं. गाणं थोडंसंच ठरलेलं, बाकी वाजवणारा उभ्या जागेवर रचतो. मी आपला धंद्याच्या सवयीनं, हा दम कुठं घेतो ते बघून राहिलो होतो. तर हा दम घेतच नव्हता. मग टाळकं ठिकाणावर आलं. हा गालात वारा धरून नाकानं दम ओढतो, आपल्याकडं जुने सनईवाले ओढतात तसा. म्हणलं, आरं, हा तर आपल्याच घरातला निघाला.

आन त्यात एक जागा होती. खालच्या जाड सुरावर तो अडून बसतो, चढावर बैल अडतो तसा. मागून ढोलवाला हाणून राहिला, हा हलत न्हाई. ऐकणाऱ्याचा जीव वरखाली होतो. मग एकदम सुटतो, आन वर जाऊन असा टाहो फोडतो, की मला माझी आई गेली त्या दिवशीचं घर आठवलं. मी रडलो. बायको म्हणली, "काय झालं हो?" म्हणलं, "धूर गेला डोळ्यात." ती म्हणली, "धूर तर तिकडच्या अंगाला जाऊन राहिला." आन भांडे घेऊन निघून गेली.

तेव्हापासून येड लागलं. दोस्त हुडकून हुडकून रेकॉर्डिंग पाठवायचा, मी ऐकायचो, आन मग दोघं फोनवर तोंडानं त्या जागा वाजवायचो. अडायची जागा तर आमचा रामराम झाली होती. फोन उचलला की तो आधी ती गुणगुणायचा, मग बोलायचा. एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका वरातीत मी ती जागा मधेच घुसवली. नाचणारे थांबले. मास्तरनं जागेवरच झापलं, "लोकांचे पाय थांबले ना! ते नाचायला आलेत, मयतीला न्हाई." मी ते दोस्ताला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणला, "मास्तर बराबर बोलला. पर तू वाजवणं सोडू नको."

त्या हिवाळ्यात तो वाजवणारा खरोखरच पुण्यात आला. दोस्तानं तिकीट काढलं आन मला बोलावलं. हिरवळीवर खुर्च्या, पुढं बुटकं स्टेज. आमी पार मागं बसलो. रेकॉर्डिंगमधी ऐकणं निराळं आन समोर ऐकणं निराळं. फोनात नुसता सूर येतो. इथं त्या माणसाच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, वाद्यातून गळणारं पाणी दिसत होतं, सूर लावायच्या आधी तो टाचा वर उचलतो ते दिसत होतं. खालच्या सुराचा हादरा खुर्चीच्या पायातून वर येत होता. अडायची जागा आली तेव्हा दोस्तानं माझा गुडघा गच्च धरला. त्याचेबी डोळे भरले होते, मी बघितलं हाय.

तो कानाशी येऊन म्हणला, "हा आपल्याकडं असता तर?"

म्हणलं, "तर काय, नोट ओवाळल्याशिवाय सोडला नसता."

"पुढच्या खेपेला ओवाळू," तो म्हणला. "दोघं मिळून."

आमच्याकडं नवरदेवावरून नोट ओवाळून बँडवाल्याला देतात, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण कधी एखाद्याचं वाजवणं काळजाला लागलं तर वाजवणाऱ्यावरूनच नोट ओवाळतात. बाबा, तुला कोणाची नजर न लागो, असं त्यात असतं. त्या येळी वाजवणाऱ्यानं थांबायचं न्हाई, उलट अजून जोर लावायचा. नोट त्याच्या हातात देत न्हाईत, ताशावाला घेतो. आन ओवाळलेली नोट कोणी नाकारत न्हाई, नाकारली तर ओवाळणाऱ्याला अशुभ. आमच्या धंद्यात याच्यापरीस मोठी शाबासकी न्हाई. दोस्तावरून अशा नोटा ओवाळलेल्या मी बघितल्या होत्या, आन माझ्यावरून ओवाळलेल्या त्यानं.

दुसऱ्या हिवाळ्यात तो वाजवणारा परत आला. मी ब्यांकेतून एक कोरी नोट मागून घेतली, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठिवली, पिशवीत दोस्तासाठी घरची हळद घेतली, आन पुणं गाठलं. जागा तीच, हिरवळ तीच. दोस्त गेटापाशी भेटला, पण घाईत. त्याच्या हापिसातले लोक आले होते, पोरं आन पोरीबी. ते तिथून दोन पावलांवर उभे होते. मी वाट बघून राहिलो, आता हा ओळख करून देईल. त्यानं हळदीची पिशवी घेतली, पटकन गाडीत ठिवून आला, आन मला म्हणला, "तू मागच्या लायनीत बस. यांच्यात तुला बोर होईल."

मला खटकलं. पण म्हणलं, जाऊ दे, गर्दीचं काम आहे. मन मोठं केलं.

कार्यक्रम असा रंगला की मी ते विसरूनच गेलो. शेवटी शेवटी तो वाजवत वाजवत स्टेजवरून खाली उतरला आन खुर्च्यांच्या मधून चालू लागला. आता सांगा, वाजवणारा लोकांत उतरला म्हणजे काय? आमच्याकडं त्याला एकच अर्थ असतो. आन नेमकी तेव्हाच अडायची जागा आली. तो दोस्ताच्या रांगेपाशी थांबला, डोळे मिटले, आन त्या जाड सुरावर अडून बसला. मी दोस्ताकडं बघितलं. त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तो म्हणून राहिला, चल.

मी उठलो. पुढं गेलो आन त्या माणसाच्या डोक्यावरून नोट ओवाळली. ती त्याच्या ढोलवाल्याला द्यायची, हेबी मनात ठरवलेलं होतं.

त्यानं डोळे उघडले. तोंडापुढं कोणाचातरी हात फिरून राहिला, हे बघून तो दचकला, मागं सरला, आन सूर चिरकला. वाजवणं थांबलं. सगळी हिरवळ वळून माझ्याकडं बघू लागली. दोन गार्ड पळत आले आन त्यांनी माझे दंड धरले. मी सांगून राहिलो, "साहेब, नजर काढून राहिलो, दुसरं काई न्हाई." कोण ऐकतंय. एक जण म्हणला, "पिऊन आलाय का? कोणासोबत आलास?"

मी दोस्ताकडं बोट दाखवलं. तो हाताच्या अंतरावर बसला होता.

गार्डनं अदबीनं विचारलं, "सर, हे तुमच्यासोबत आहेत का?"

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. मग शेजारी बसलेल्या पोरीकडं बघितलं. मग गार्डला म्हणला, "नाही."

मला गेटाबाहेर काढलं. आत परत वाजवणं सुरू झालं, रस्त्यावर साफ ऐकू येत होतं. ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आलो तो आत वाजवून राहिला होता, आन मला ऐकायचं मन झालं न्हाई. मी स्टँडकडं चालू लागलो. नोट हातातच राहिली होती, पार चुरगळलेली.

त्या वाजवणाऱ्यावर माझा राग न्हाई. त्या बिचाऱ्याला काय ठावं, वसमतमधी काय करतात? गार्डवरबी न्हाई, त्याची नोकरी आहे. हापिसातल्या लोकांना तर मी कोण हेच ठावं नव्हतं. तिथं त्या नोटीचा अर्थ फक्त एका माणसाला कळत होता. आन तोच न्हाई म्हणला. माझं काळीज जळतं ते यानं. येड्यासारखं वागलो असंल तर म्हणायचं ना, येडा आहे, पण माझा आहे.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. गुणगुणला न्हाई, सरळ बोलला. "समजून घे ना. साहेब लोक होते. तू तसं काहून केलं?"

म्हणलं, "काहून केलं ते तुला ठावं न्हाई?"

आन मी फोन ठिवला. पुढं मी त्याला लावला न्हाई आन त्यानं मला लावला न्हाई.

मग त्याचं लग्न निघालं. पुण्यात त्याच्या शेजारी बसलेली तीच पोरगी. लग्न वसमतच्याच मंगल कार्यालयात, आन त्याच्या घरचं लग्न म्हणल्यावर बँड आमचाच. मी मास्तरला म्हणलं, "ह्या खेपेला मला वगळा." मास्तर म्हणला, "सॅक्सोशिवाय परण्या कसा काढू? आन तुझ्या दोस्ताचं लग्न, तूच न्हाईस?" त्याला काय सांगणार? घातला लाल कोट, टोपी घातली आन गेलो.

परण्या निघाला, म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. हापिसातले लोक फेटे बांधून नाचून राहिले होते. मला कोणी ओळखलं न्हाई. बँडच्या कोटातला माणूस कोणाला दिसतो? दोस्तानं मात्र ओळखलं. तो दर येळी नजर दुसरीकडं वळवायचा. खोटं कशाला बोलू, मला अजून आशा होती. वाटायचं, हा खाली उतरेल, खांद्यावर हात ठिवेल, लोकांना म्हणेल, हा माझा दोस्त.

चौकात मास्तरनं सगळ्यांना थांबवलं आन मला खूण केली. एकट्या सॅक्सोची जागा होती. मी घोड्याच्या तोंडापाशी उभा राहिलो आन अडायची जागा वाजवली. खालचा सूर धरला, गालात वारा धरला, आन धरूनच ठिवला. ताशावाला मागून हाणत राहिला. मी दोस्ताच्या डोळ्यात बघत होतो. ह्या खेपेला त्यानं नजर वळवली न्हाई. मग सोडला सूर, आन वर नेला. नाचणारे थांबले. मास्तरबी ओरडला न्हाई.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा हापिसातला एक पोरगा घोड्यापाशी आला. वर बघून दोस्ताला म्हणला, "अरे, हे तर त्या शोमधलं! तुमच्या बँडवाल्याला हे कसं काय येतं?"

दोस्तानं एवढंच बोलायला पाहिजे होतं, की हा आन मी दोघं मिळून ऐकतो. बाकीचं सगळं मी सोडून दिलं असतं.

तो म्हणला, "यूट्यूबवर ऐकलं असेल कुठंतरी."

मास्तरनं खूण केली, पार्टी सुरू झाली, लोक परत नाचू लागले. मीबी वाजवू लागलो. तेवढ्यात दोस्त घोड्यावरून वाकला, खिशातून नोट काढली, आन माझ्या डोक्यावरून ओवाळली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याच्या मुंडावळ्या माझ्या कानाला लागल्या. तो अगदी हळू, आमच्या जुन्या बोलीत म्हणला, "लई भारी वाजवलंस बे. तुझ्यावाणी कोणीच न्हाई."

मी थांबलो न्हाई. नोट ताशावाल्यानं घेतली. ओवाळलेली नोट नाकारत न्हाईत, आन त्याचं अशुभ व्हावं असं मला त्याबी दिवशी वाटलं न्हाई. मी मान लववली, जशी कोणत्याबी नवरदेवापुढं लववतो, आन परण्यासंग मारुतीकडं निघालो. पण तेच शब्द तो जरा मोठ्यानं बोलला असता, शेजारच्या पोराला ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं, तर मला दोस्त राहिला असता.