एवढा व्यायाम करून

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर नववीच्या मुलांचा व्यायाम घेताना माझी पत्नी खाली बसली. मुलांनी पाणी आणलं. शिपायाने रिक्षा बोलावली. मी घाटकोपरहून रुग्णालयात पोहोचलो तेव्हा ती गेलेली होती.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती वाहिनी जन्मापासूनच नाजूक असावी. धावण्याशी किंवा खाण्यापिण्याशी त्याचा काही संबंध नाही. मी तेच पुन्हा विचारलं आणि त्यांनी न कंटाळता तेच पुन्हा सांगितलं. हे वाक्य पुढे किती जणांना ऐकवावं लागणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

ती मुलुंडच्या एका मराठी शाळेत पीटी शिकवायची. पीटीच्या बाई म्हटलं की लोकांना शिट्टी आणि कवायत आठवते. तिचा खरा तास कवायत संपल्यावर सुरू व्हायचा. घामेजलेली मुलं भिंतीच्या सावलीत गोल करून बसायची आणि डबे उघडायची. ती कुणाच्या डब्याला नावं ठेवायची नाही. कुणी नूडल्स आणल्या, तर त्याच्यासमोर आपली भाकरी आणि चवळीची उसळ ठेवून म्हणायची, अर्धं अर्धं करू या रे. शाळेने एकदा मुलांची वजनं करून ती वर्गात लावायचं ठरवलं, तेव्हा वजनकाटा मैदानात आला तर मी तास घेणार नाही, असं तिने मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "या वयात आकडा कळला की पोरं जेवणं सोडतात. धावायला लागत नाहीत."

ती हे बोलत होती ते एका मुलीवरून. आमच्याच इमारतीत खाली राहणारी, नववीतली. वर्गातल्या मुलांनी तिच्या जाडीवरून तिला चिडवलं होतं आणि तिने डबा वाटून टाकायला सुरुवात केली होती. स्वतः पाणी पिऊन बसायची. माझ्या पत्नीने तिला उपदेश केला नाही. आपल्या शेजारी बसवलं, धावायच्या आधी केळं द्यायला लागली आणि बजावलं, उपाशीपोटी माझ्या मैदानात पाय ठेवायचा नाही. हळूहळू मुलगी जेवू लागली. रिले शर्यतीत तिची निवड झाली, त्या संध्याकाळी आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. मी पुस्तक मिटून ऐकत बसलो होतो.

ती गेल्यावर लोक भेटायला येऊ लागले. शुगर होती का? नव्हती. बीपी? नव्हतं. मग आलेला माणूस जरा वेळ पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, एवढा व्यायाम करायच्या... वाक्य तिथेच सोडून द्यायचा. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायचो. समोरचा मान हलवायचा, पण त्याचं मत येतानाच ठरलेलं असायचं. तेराव्याच्या जेवणाला माझ्या आतेभावाने जिलेबी मागून घेतली आणि मला समजावलं, "शरीराचे एवढे लाड करू नयेत बघ. मी कधी काही केलं नाही. आहे की नाही ठणठणीत?"

शाळेने शोकसभा ठेवली. पालकही आले होते. मी भाषण करणारा माणूस नाही. ग्रंथालयात नोकरी करतो, कमी बोलायची सवय आहे. तरी उभा राहिलो आणि एवढंच सांगितलं, की तिचा शनिवारचा तास बंद करू नका. त्यावर एक गृहस्थ उठले. "सर, राग मानू नका. पण शिकवणाऱ्या बाईंनाच ज्याचा उपयोग झाला नाही, त्याने आमच्या पोरांचं काय भलं होणार?" कुणी त्यांना गप्प केलं नाही. उलट पुष्कळांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापक म्हणाले, पालकांच्या भावना लक्षात घ्याव्या लागतील. नंतर मला शाल दिली.

त्या दिवसांत खालच्या घरातून डबा यायचा. एका संध्याकाळी तो घेऊन ती मुलगी आली. मनगटं काडीसारखी झाली होती. जेवलीस का, विचारलं.

"भूक नाही काका."

मी बसायला सांगितलं. ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "आई म्हणते, बाईंनी एवढं सगळं सांभाळलं, तरी गेल्याच ना."

मी डॉक्टरांचं वाक्य तिलाही सांगितलं.

"मला माहितीये. पण आईला कोण सांगणार?"

मी सांगायला गेलो. तिच्या आईने बसवलं, चहा केला. मुलगी डबे वाटून टाकते, उपाशी राहते, हे मी सावकाश सांगितलं. माझी पत्नी ते कसं सांभाळत होती, तेही सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मायेने म्हणाली, "भावोजी, तुमच्यावर काय ओढवलंय ते दिसतंय आम्हाला. पण पोरगी छान बारीक झालीय, उन्हातान्हात धावायचं सोडून अभ्यासाला बसतेय. मला अजून काय हवं?"

तिच्या बोलण्यात जराही दुष्टावा नव्हता. तो असता तर मला भांडता आलं असतं. माझ्या पत्नीने आयुष्यभर जे शिकवलं, ते तिच्याच मरणाचा दाखला देऊन घरोघर खोडून काढलं जात होतं आणि खोडणारी माणसं मला जेवणाचे डबे पाठवत होती. मी चहा संपवला आणि वर आलो. त्यानंतर डबा घेऊन त्या मुलीचा लहान भाऊ येऊ लागला. पुढे डबाही बंद झाला.

ती मुलगी आता दहावीत आहे. शनिवारी पहिला तास गणिताचा असतो. ती काय खाते, खाते की नाही, हे बघणारं शाळेत कुणी नाही.