एलियाहूची भाकर

परदेशात, बर्फाळ व्हिटबीत, आमच्या शेजारी अलिबागकडचे एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, गृहस्थ राहत. साठी उलटलेली, तरी पायाला भिंगरी. कुणाकडे आले की कोट न काढताच येरझाऱ्या घालत आणि चालू विषय तोडून विचारत, "विंटर टायर बदलले का?" त्यांच्यामुळे मलाही बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होई.

माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात मी चूल पेटवणं, फोन घेणं, दार उघडणं, सगळंच सोडलं. एका दुपारी ते बेल वाजवतच राहिले, तेव्हा नाइलाजानं उघडलं. त्यांच्या हातात मलिद्याचा डबा होता. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं घरी केलेले गोड पोहे, वर खोबरं.

"जेवलात, वहिनी?"

"नको वाटतं. पुरे झालं आता सगळं."

"एलियाहूसुद्धा हेच म्हणाला होता," टेबलाभोवती फिरत ते म्हणाले. "राजाला तोंडावर सुनावणारा माणूस. एकदा जीव मुठीत धरून रानात पळाला, झाडाखाली पडला नि देवाला म्हणाला, पुरे, ने मला. देवानं उपदेश नाही केला हो. देवदूत पाठवला. तो एवढंच म्हणाला, ऊठ, खा. उशाशी गरम भाकर ठेवलेली."

मी चार चमचे खाल्ले. मग विचारलं, "भाकर खाऊन उठला का तो?"

"छे! खाल्ली आणि परत झोपला." त्यांनी दाराची मूठ धरली. "देवदूताला दुसऱ्यांदा यावं लागलं. मी उद्या येतो."