बाबांची बेल

बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. गिरणीत साच्यांच्या खडखडाटातही ज्यांच्या हाकेला माणसं वळायची, त्यांना आता पाणी मागायला खाटेच्या लोखंडावर पितळेचा पेला आपटावा लागायचा. एकदा तो हातातून सुटून घरंगळत गेला. आई बाहेर गॅलरीत नळावर होती. ती आली तेव्हा बाबांचे ओठ सुकलेले आणि डोळे भरलेले. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कारखान्यात टीव्हीच्या रिमोटचे दिवे तपासायची. नावाला दिवे, उजेड दिसेल तर शपथ! आतल्या कणभर स्फटिकातून वीज गेली की तो उजळतो, पण तो उजेड इन्फ्रारेड, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. समोरच्या यंत्रालाच काय तो कळतो. कमी उजळणारे दिवे बाद व्हायचे, पण आमच्या भांडुपच्या दोन खोल्यांना ते रग्गड होते. साहेबांना विचारून दोन घरी आणले. बाबांच्या हातात बटणाची डबी दिली आणि स्वयंपाकघराच्या दारावर, खाटेच्या बरोबर समोर, तो उजेड पडला की वाजणारी बेल बसवली.

बटण दाबताच बेल कोकलली. बाबांनी डबी उलटसुलट करून बघितली. तार नाही, उजेड नाही. खात्री करायला पुन्हा दाबलं. आई पदराला हात पुसत धावली, "काय हवंय हो?" बाबा वाकड्या तोंडाने हसले. त्या दिवसापासून ते नेहमी लागोपाठ दोनदा दाबायचे.

दुपारी पडदा हलून ऊन आत आलं की मात्र बेल उगाचच वाजायची.

"वाट लागली!" मी चिडले. "आई, हाच उजेड उन्हात असतो, जाळात असतो. बेलला फरक कळत नाही गं."

"मला कळतो ना," आई म्हणाली. बेल दोनदा वाजली तरच ती उठायची.

वर्षभराने बाबा गेले. खाट उचलली. त्यांचं डोकं असायचं त्या जागी रिवाजाप्रमाणे दिवा तेवत ठेवला. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना बेल वाजली.

आई ताडकन उठली, पेल्यात पाणी घेतलं आणि बाहेरच्या खोलीत गेली. तिचं डोकं फिरलं की काय, अशी मला भीती वाटली. बेलचे सेल काढायला मी स्टूल ओढलं.

"आई, वाऱ्याने ज्योत हलली म्हणून वाजली ती. बाबा नाहीत आता!"

आईने पेला दिव्यापाशी ठेवला.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. रडू आलं की ती मालवणीवर यायची. "एकदाच वाजली ती. रवांदे गो. दिवो आसा तोपर्यंत वाजांदे."

मी स्टूलवरून उतरले. दिवा होता तोवर बेल वाजली की आई उठून पेल्यातलं पाणी बदलायची. लागोपाठ दोनदा ती कधीच वाजली नाही. आम्ही दोघीही कान देऊन होतो.